पाणबुडीची चौथी आवृत्ती

१ फेब्रुवारी १९७८

मशीन आलं एकदाचं. मुंबईतलं कुठलंसं खेळघर बंद पडलं, तिथलं. ट्रकमध्ये कांद्याच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकून आलं, त्यामुळे थोडा वास आहे. जाईल.

नाव 'सबमरीन फाइट'. कपाटाएवढा लाकडी डबा. समोर रबराच्या कडेची दुर्बीण. चार आणे टाकून तिच्यात तोंड खुपसलं की बाहेरचं सोलापूर बंद आणि आत निळा समुद्र. समुद्रावर पत्र्याची जहाजं सायकलच्या चेनवर सरकतात. बटण दाबलं की पाण्याखालून लाल दिव्यांची रांग पळत जाते, तो टॉर्पेडो. लागला तर धडाम. एका नाण्यात दहा टॉर्पेडो.

उतरवताना हमालांनी मागचा एक पाय मोडला. विटा लावल्या. उलट आता जास्त भक्कम उभं आहे.

दुकानाचा पुढचा अर्धा भाग मशीनला दिला. लोकांच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी मागे सरकवल्या. गुरप्पा म्हणाला, मग मी कुठं बसू. धाकट्या भावांना मोठ्या गोष्टी एकदम झेपत नाहीत.

४ फेब्रुवारी

निर्णय घेतला. मोटारी भरणं बंद. शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी सोडायच्या, जळकी वायर ओढून काढायची, नवी तांब्याची भरायची. वीस वर्षं हेच केलं. पाठ गेली. आज गुरप्पाला सांगितलं, यापुढे मोटारींचं खातं तुझं, मी डेव्हलपमेंट बघणार. कसली डेव्हलपमेंट, असं त्यानं विचारलं. कळेल, म्हणालो.

बोर्डावर 'चन्नप्पा अँड ब्रदर, मोटारी भरून मिळतील' असं होतं. त्याच्यावर 'पाणबुडीचे युद्ध, आता सोलापुरात' रंगवून घेतलं. जागा कमी पडली म्हणून पेंटरनं 'अँड ब्रदर' पुसलं. मी सांगितलं नव्हतं.

बायकोला, जगदेवीला, मशीन दाखवायला नेलं. बालवाडीत शिकवून परस्पर आली होती, दमलेली. दुर्बिणीत बघितलं, छान आहे म्हणाली आणि भाजी घ्यायला गेली. एका शब्दात सगळं आलं.

१३ फेब्रुवारी

पहिला आठवडा जोरात. दुकानाबाहेर बाळीवेशीत रांग. दुसऱ्या आठवड्यात कोणी नाही.

विचार केला. मशीनचा दोष नाही. जहाजं त्याच क्रमानं, त्याच वेगानं येतात. पब्लिकला पाठ झालं. एकजण डोळे मिटून दहापैकी दहा मारून गेला आणि जाताना म्हणाला, पुढं काय. पुढं काय, हाच तो प्रश्न. मुंबईवाल्यांना हे कळलं नाही म्हणून त्यांचं बंद पडलं. खेळात सारखं नवीन काहीतरी पाहिजे. पुस्तकांच्या निघतात तशा आवृत्त्या काढायच्या. दर महिन्याला एक.

उद्यापासून पहाटे पाचला उठून डिझाइन.

१४ फेब्रुवारी

उठलो नाही. काल लाइट गेली होती, पंखा नव्हता. झोप महत्त्वाची.

२२ फेब्रुवारी

एक खरा खेळाडू मिळाला. कोंडीबा नावाचा, मिलमध्ये मागावर आहे. पन्नाशीचा असेल. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोड्या वेळात येतो, नाणं टाकतो आणि दुर्बिणीत तोंड घालतो. बटण दाबत नाही. तास होतो, कधी त्याहून जास्त. टॉर्पेडो संपेपर्यंत खेळ चालूच राहतो, त्यामुळे अडचण नाही. मग उठतो, डोळे चोळतो, बरं वाटलं म्हणून जातो. स्कोअर शून्य.

मी निरीक्षण केलं आहे. हा माणूस नेमबाजी करत नाही, तो समुद्राचा अभ्यास करतो. असा एक जरी असला तरी काम करायला हुरूप येतो. पुढची आवृत्ती त्याच्यासाठीच.

गुरप्पा म्हणतो, मागे सहा मोटारी पडल्यात, जरा हात लाव. सांगितलं, सध्या डोकं दुसरीकडे आहे.

७ मार्च, महाशिवरात्र

दुसरी आवृत्ती सुरू. जहाजांच्या मधे एक पांढरं हॉस्पिटलचं जहाज सोडलं, लाल क्रॉस काढून. ते मारलं की पाच गुण वजा. म्हणजे खेळात आता नुसता नेम नाही, विवेक आला. नियमांचा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून लावला.

संध्याकाळपर्यंतचा अनुभव: तक्ता कोणी वाचत नाही. पांढरं जहाज ठळक दिसतं म्हणून सगळे पहिल्यांदा तेच बुडवतात. एकानं दहाच्या दहा त्याच्यावर घातले. त्याला समजावून सांगायला गेलो तर तो म्हणाला, मग ते कशाला ठेवलंय. सुशिक्षित दिसत होता.

कोंडीबानं मात्र एकदाही हॉस्पिटलवर टॉर्पेडो सोडला नाही. माणसाची पारख अशीच होते.

त्याच्या वेळेला मशीनमधून घरघर येते. चेनला तेल पाहिजे.

१५ मार्च

चेनला तेल दिलं. घरघर आहेच. उद्या बेअरिंग बघतो.

८ एप्रिल, पाडवा

तिसरी आवृत्ती. विमान. पत्र्याचं विमान भिंतीवरच्या घड्याळाच्या यंत्रावर बसवून समुद्रावर फिरवलं. घरात आता वेळ कळत नाही, पण जगदेवीनं तक्रार केली नाही. शेजारी विचारून येते.

विमान पाडायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. टॉर्पेडो पाण्याखालून जातो, विमान वर आहे, त्यामुळे ते पडू शकत नाही. लोक विचारतात, मग ते काय करतं. मी सांगतो, वातावरण तयार करतं.

ऊन फार. दुपारी दुकानात माश्या आणि मी. मागे गुरप्पा मान खाली घालून वायर भरत असतो. आमच्यात बोलणं कमी झालं आहे. त्याला माझा हेवा वाटत असावा. तो तिशीचा झाला, त्याचं लग्न बघायचं आहे, ह्याची जगदेवी दर सोमवारी आठवण करून देते. ही आवृत्ती मार्गी लागली की बघतो.

६ मे

गुरप्पाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. जगदेवी बालवाडीतून येऊन त्याचं पथ्यपाणी बघते. तिच्यासमोरच लहानाचा मोठा झाला तो.

पडल्या पडल्या त्याला एकाच गोष्टीची काळजी. कुंभारी गावच्या धोंडीरामची मोटार अर्धी भरून ठेवली आहे. विहिरीला पाणी आहे पण वर काढायला मोटार नाही, आणि वांगी उभी आहेत. वायरची टंचाई. गुरप्पानं कुठून कुठून खटपट करून एक रीळ आणलं आहे, ते मुद्दाम त्याच्यासाठी. अण्णा, तेवढी पुरी कर, दोन दिवसांचं काम आहे, असं म्हणाला. मी शब्द दिला. काम त्याला मीच शिकवलं आहे, मला काय अवघड.

उद्या हातात घेतो.

९ मे

आज दुपारी झोपेत कल्पना सुचली. देवमासा.

समुद्र शांत आहे, जहाजं चालली आहेत, आणि मधेच खालून अचानक देवमासा वर येतो. खेळणारा दचकला पाहिजे. चौथी आवृत्ती. आजवरचं सगळं ह्याची तयारी होती, असं आता वाटतं.

देवमासा वर खेचायला इलेक्ट्रोमॅग्नेट पाहिजे. त्याला तांब्याची वायर लागते. बरीच.

१० मे

धोंडीराम आला होता. सायकलवर, कुंभारीहून, उन्हात. मोटार झाली का म्हणाला. उद्या या म्हणालो. तो मशीनकडे बघत उभा राहिला. एक डाव खेळा, फुकट, म्हणालो. नगं, म्हणाला.

वायरचा विचार केला. मोटारीत काय आणि मॅग्नेटमध्ये काय, तांबं तेच. आत्ता मॅग्नेट करून घ्यावा. नवं रीळ कुठून तरी मिळेलच. तोवर धोंडीरामला दोन दिवस थांबायला काही हरकत नसावी.

१३ मे

मॅग्नेट तयार. सगळं रीळ लागलं. देवमासा पत्र्याचा, आतून लाकूड. डोळा जरा माणसासारखा झालाय.

धोंडीराम येऊन गेला. उद्या या.

१६ मे

धोंडीराम. उद्या या. पूर्वी शेतकरी शांत असायचे.

नवीन रीळ कुठंच नाही. हा सरकारचा दोष आहे, माझा नाही.

२० मे

चौथी आवृत्ती सुरू. ह्या वेळी आणखी दोन सुधारणा: खेळाला वेळेची मर्यादा, आणि वेळ संपली की आतून छोटा भोंगा वाजतो. थरार वाढतो.

पहिला मान कोंडीबाला दिला. त्यानं तोंड घातलं. नेहमीप्रमाणे शांत. मग देवमासा वर आला, लगेच भोंगा वाजला, आणि कोंडीबा ओरडत मागे पडला. पडून तसाच बसून राहिला. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, कसं वाटलं. तो चपला घालून निघून गेला.

इतका परिणाम होईल अशी माझीही अपेक्षा नव्हती.

२१ मे

कोंडीबा आला नाही. देवमासा वर आला तो खाली जाईना. मॅग्नेट तापतो आहे. सगळा समुद्र देवमाशानं झाकला आहे, जहाजं त्याच्या मागून जातात. गिऱ्हाईक म्हणतं, दिसत तर काहीच नाही. तात्पुरतं 'देवमाशाचे दर्शन' असा तक्ता लावला.

२४ मे

आज वाईट दिवस.

गुरप्पा अंथरुणातून उठून दुकानात आला. भिंतीला धरून चालत होता. धोंडीराम घरी जाऊन भेटला होता त्याला. गुरप्पानं अर्धी मोटार बघितली, रिकामं रीळ बघितलं, मग मशीनचं मागचं दार उघडून देवमासा बघितला. मला वाटलं आता ओरडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यानं मॅग्नेट काढून घेतला आणि त्याची वायर उलटी गुंडाळायला लागला. काही वायर तापून खराब झाली होती, ती बाजूला काढत होता. मी म्हणालो, मी करतो, तू पड. त्यानं ऐकलं नाही. किंवा ऐकलं असेल. दिवसभर बसून मोटार भरली. जगदेवी दोनदा ताक घेऊन आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा माझ्याकडे बघितलं.

२७ मे

मोटार कुंभारीला गेली. वांगी गेल्या आठवड्यातच वाळली होती म्हणे. तरी धोंडीरामनं मजुरी देऊ केली. गुरप्पानं घेतली नाही.

वांग्याला भाव नव्हताच या वर्षी. जगदेवीला तसं म्हणालो. ती उठून आत गेली.

आठवडा झाला, कोंडीबा नाही. बहुतेक आजारी असेल.

३ जुलै

गुरप्पा बरा झाला. आज दुकान झाडून घेतलं, आपली हत्यारं एका पेटीत भरली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कुंभारीला दुकान घातलंय म्हणाला. जागा धोंडीरामची. राहायचंही तिथंच.

मी म्हणालो, चांगला विचार आहे. शाखा काढायची माझ्याही मनात होतीच. त्यानं पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "अण्णा, तू वाईट न्हाईस. पण तुझ्याबरोबर काम करून मी लई दमलोय."

एवढंच. पेटी उचलली. जगदेवी त्याच्या डब्यात चटणी, भाकरी भरत होती. भरून झाल्यावरही झाकण लावेना.

लोकांना वाटेल भाऊ वेगळे झाले. तसं नाही. कुंभारीत आता आपली शाखा आहे.

१९ जुलै

दुकान मोठं वाटतं. मागे कोणी नाही. गावाकडची माणसं मोटार घेऊन येतात, गुरप्पा कुठं आहे विचारतात, पत्ता घेऊन जातात. मोटार उतरवतसुद्धा नाहीत.

मीही मोटार भरतो असं एकाला म्हणालो. तो म्हणाला, तुमी पाणबुडीवाले न्हाय का.

ख्याती झाली आहे, हे बरं.

२० जुलै

देवमासा आणि भोंगा काढून टाकला. वेळेची मर्यादाही काढली. हे माघार घेणं नाही. जुनी आवृत्ती पुन्हा काढतात तसं.

मिलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पाळी सुटली. कोंडीबाला गाठून सांगितलं, आता समुद्र शांत आहे. या. उद्या बघतो म्हणाला. सवयीनं मला वाटलं, हे उद्या कसलं असतं ते मला माहीत आहे.

२१ जुलै

कोंडीबा खरंच आला.

१८ ऑगस्ट

आज जे घडलं ते लिहावं की नाही असा विचार करत बराच वेळ बसलो.

दुपारी लाइट गेली. मशीन बंद. कोंडीबा आला. त्याला म्हणालो, आज लाइट नाही, जहाजं चालणार नाहीत. तो म्हणाला, असू द्या की, आणि नाणं टाकून दुर्बिणीत तोंड घालून बसला. बंद मशीनमध्ये. मला आधी कौतुक वाटलं. अंधारातही अभ्यास.

थोड्या वेळानं घरघर सुरू झाली. तीच. मार्चपासून मी जिच्यासाठी चेनला तेल देतो आहे, बेअरिंग बदललं, दोनदा सगळा समुद्र खोलला, ती. लाइट नाही, चेन थांबलेली, आणि घरघर चालू.

मी जवळ जाऊन वाकून बघितलं. कोंडीबा झोपला होता. कपाळ रबराला टेकवून, तोंड उघडं. डबा पोकळ, त्यामुळे आवाज सगळीकडे घुमत होता.

उठल्यावर विचारलं. त्याला काही संकोच वाटला नाही. घरात एक खोली, अकरा माणसं, दोन सुना, बारकी पोरं. पाळीवरून आलं की पाठ टेकायला जागा नाही. म्हणाला, "हितं तोंड घातलं की कोण हाक मारत न्हाय. लई गार वाटतंय बघा." मी विचारलं, आणि जहाजं? तो आठवायला लागला. "जहाजं व्हय. पयल्या दिवशी बघितली होती की."

त्याचं नाणं परत दिलं. घेईना. जागेचं भाडं म्हणाला.

दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन जगदेवीला सांगितलं. ती हसली नाही. बिचारा, म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही.

२ सप्टेंबर

आवृत्ती पाच सुचत नाही. कागद समोर घेऊन बसतो. हॉस्पिटलच्या जहाजाचा रंग उडाला आहे. कोंडीबा येतो, झोपतो, जातो. मी आवाज करत नाही. दारावर पोरं गलका करायला लागली तर मीच उठून हाकलतो.

५ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचं प्रदर्शन लागलंय मैदानावर. तिथं कुणीतरी परदेशातून टीव्ही आणि टीव्हीवर खेळायचा गेम आणलाय असं ऐकलं. व्हिडिओ गेम म्हणतात. धंद्यातला माणूस म्हणून बघून यायचं ठरवलं.

तुफान गर्दी. सोलापुरात अजून टीव्ही कुणी बघितलेला नाही, निम्मे नुसते तो पेटलेला बघायला उभे. माझा नंबर यायला संध्याकाळ झाली. आहे काय, तर काळा पडदा आणि दोन पांढरे ठिपके. मालक म्हणाला हे रणगाडे. समुद्र नाही, रंग नाही, काही नाही. मला हसू आलं. समोरच्या खुर्चीवर एक शाळकरी मुलगी होती. तिनं माझा रणगाडा सहा-सात वेळा उडवला. हात कसा फिरवायचा ते कळेपर्यंत वेळ संपली.

मग लोकांना रणगाडे पुरे झाले. तेव्हा मालकानं डब्यावरचा एक खटका खाली केला. टेनिस. आणखी एक खटका. भिंतीवर चेंडू. प्रत्येक वेळी गर्दीतून 'ओ' असा आवाज.

एक खटका. मी विमान बसवायला महिना घालवला होता.

परत रांगेत उभा राहिलो. अभ्यासासाठी.

८ नोव्हेंबर

रोज जातोय. अभ्यास चालू. अजून हरतो.

मालकाशी ओळख झाली. पुण्याचा आहे. टीव्हीवर ऊन पडतं, चित्र दिसत नाही, अंधारा डबा पाहिजे म्हणाला. माझ्याकडे आहे म्हणालो.

१२ नोव्हेंबर

त्याची माणसं येऊन मशीन घेऊन गेली. डबा आणि दुर्बीण फक्त. आतला समुद्र नको म्हणाले. जहाजं, चेन, विमान, देवमासा, सगळं दुकानाच्या मधोमध जमिनीवर काढून ठेवलं आणि नुसतं लाकूड नेलं. मागे विटा राहिल्या.

कोंडीबा आला. बघितलं. कुठं गेलं, विचारलं. प्रदर्शनात, सांगितलं. तिथं लई गर्दी आसंल, म्हणाला आणि उभा राहिला. मी आतली सतरंजी काढून मागच्या बाजूला घातली, जिथं गुरप्पा बसायचा तिथं. दार ओढून घेतलं म्हणजे तिथं तसा अंधार होतो. तो झोपला. मी पुढे बसून राहिलो.

२६ नोव्हेंबर

जगदेवीला म्हणालो, इतके महिने मशीनवर घर नीट चाललं, आता जरा हात आखडावा लागेल.

ती ज्वारी निवडत होती. शांतपणे सांगितलं. मशीनवर घर कधीच चाललं नाही. तिच्या पगारावर भागत होतं, आणि जुलैपासून गुरप्पा दर बाजाराला कुंभारीहून ज्वारी, तेल, डाळ पाठवतो. सांगू नको म्हणाला होता. समोरची ज्वारीही त्याचीच.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं?"

मग म्हणाली, त्याच्याकडे काम फार आहे, एकटा पडतो, रात्री पाठ धरते त्याची. जा.

४ डिसेंबर

उद्यापासून कुंभारीला जाणार. शाखेला मार्गदर्शनाची गरज आहे. डबा जगदेवी देते आहे. पहिली एसटी.

५ डिसेंबर

पत्र्याची शेड. बाहेर मोटारींची रांग. बोर्ड नाही. मी म्हणालो, बोर्ड पाहिजे. गुरप्पा म्हणाला, लोकांना माहीत आहे.

धोंडीराम जागेवरच होता. माझ्याकडे बघून मान हलवली आणि मळ्याकडे गेला. त्याच्याशी बोलायचं मनात होतं.

गुरप्पानं चहा दिला. मग एक जळकी मोटार पुढे ठेवली. वायर सोड म्हणाला.

९ डिसेंबर

मला पहिली मोटार भरायला मिळाली. भरली. करंट दिला तर गरम होऊन वास सुटला. वर्षभरात हात विसरला आहे. बोटं जिथं जायला पाहिजेत तिथं जात नाहीत. वायर निकृष्ट होती असं मी म्हणणार होतो. गुरप्पानं तीच वायर शेजारच्या मोटारीत भरली होती, आणि ती समोर फिरत होती.

त्यानं मी भरलेली सगळी सोडली. रागानं नाही. सोडलेली वायर सरळ करून माझ्या हातात दिली. परत.

एसटीत उभ्यानं आलो. डोळा लागत होता.

११ डिसेंबर

आज तिसऱ्यांदा भरत होतो. गुरप्पा मधूनमधून येऊन बघून जातो, कधी वायरची एखादी कॉइल बोटानं दाबून बसवून जातो.

दुपारी एक नवीन गिऱ्हाईक आलं, बैलगाडीतून मोटार घेऊन, लांबच्या गावचं. आमच्यापैकी कुणाला ओळखत नव्हतं. मोटार उतरवून बिडी पेटवली आणि बसलं. माझे पिकलेले केस बघितले, मग माझ्या हातातलं काम बघितलं, बराच वेळ. शेवटी गुरप्पाला विचारलं, हे कोण.

गुरप्पानं हातातली वायर खाली ठेवली.

"थोरला भाऊ हाय," म्हणाला. "शिकतोय."

मी वर बघितलं नाही. कॉइल खाचेत अर्धीच बसली होती. हात सोडला असता तर सगळी विस्कटली असती.